स्पीकरच्या खोक्यासाठी एमडीएफ की प्लाय?

घरी स्पीकर बनवायला घेतला. ड्रायव्हर (आवाज काढणारे वूफर-ट्वीटर) घेतले, क्रॉसओव्हरचा (कुठल्या ड्रायव्हरला कुठले सूर जायचे ते वाटून देणाऱ्या सर्किटचा) आराखडा ठरला, खोक्यात किती लिटर हवा लागेल त्याचा हिशेब झाला, पोर्टची (हवा खेळायच्या नळीची) लांबीही निघाली. मग माणूस लाकडाच्या दुकानात जातो आणि गल्ल्यावरचा शेठ विचारतो, "प्लाय देऊ की एमडीएफ?" इथे भलेभले अडखळतात. परदेशातले हौशी लोक डोळे झाकून एमडीएफ सांगतात, कारण त्यांच्याकडचे दुकानातले बहुतेक स्पीकरही त्याचेच असतात. आपला मिस्त्री एमडीएफचं नाव काढलं की नाक मुरडतो. "भुसा दाबून केलेला माल, साहेब. त्याला काय जीव?" दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, म्हणूनच निर्णय अवघड होतो.

माझ्याकडे दोन्ही आहेत. साधारण सारख्याच मापाचे उभे टॉवर, खालच्या सुरांना आठ इंची वूफर आणि वरच्या सुरांना एक इंची ट्वीटर. एक जोडी १८ मिमी एमडीएफची, दुसरी १८ मिमी प्लायची. त्यामुळे खाली जे आहे ते वापरून झालेलं मत आहे. मायक्रोफोन लावून आलेख काढणाऱ्यांनी ते तेवढ्याच मानाने घ्यावं. खोक्याचे लिटर, सील्ड (पूर्ण बंद) की पोर्टेड, डँपिंगला (आतला आवाज जिरवायला) काय भरायचं, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

आवाजात फरक किती?

लोक सगळ्यात जास्त यावर भांडतात आणि सगळ्यात कमी फरक इथेच आहे, असं माझं आता मत झालंय.

कागदावर बघायचं तर एमडीएफ जड आणि मठ्ठ. घनमीटरला सातशे-आठशे किलो वजन, पण ताठपणा कमी. चांगला प्लाय वजनाला थोडा हलका आणि ताठपणात दुप्पट किंवा त्याहून सरस. एमडीएफचा गुण असा की कंपन आलं तर ते अंगातच जिरवतो. प्लाय तुलनेने वाजतो, पण वरच्या पट्टीत वाजतो. बोटाच्या पेराने ठोकून बघा. एमडीएफ "ठप" म्हणतो, प्लाय "टक" म्हणतो. ठप ऐकून मन सुखावतं. पण ठोकून आलेला आवाज आणि गाणं चालू असताना फळी करते तो उपद्व्याप, यांचा संबंध वाटतो तेवढा सरळ नाही. खालच्या पट्टीत मंद गुंगणारी फळी ठोकल्यावर शहाणी वाटते आणि पुरुषी आवाजात नेमकी तीच तोंड घालते.

आपल्या गाण्यात तर हे जास्त जाणवतं, कारण मागे तानपुरा अखंड चालू असतो. काळी एकचा षड्ज म्हणजे सुमारे १३८ हर्ट्झ, त्याची दुप्पट २७७. फळीची स्वतःची कंपनं या आसपास पडली तर तानपुऱ्यातला एक स्वर बाकीच्यांपेक्षा किंचित पुढे येऊन बसतो आणि उठतच नाही. पाश्चात्त्य पॉपमध्ये सूर सतत बदलत असल्याने हा दोष निसटून जातो. भीमसेन जोशींचा ख्याल लावला की पहिल्या पाच मिनिटांत सापडतो. मी खोक्याची परीक्षा आता अशीच घेतो: ख्याल लावायचा आणि डॉक्टरांचा स्टेथोस्कोप फळीवर फिरवायचा. ज्या जागी गायकाचे शब्द कळायला लागतात, ती जागा सैल आहे असं समजायचं.

तर ब्रेस (फळ्या हलू नयेत म्हणून आतून लावलेले आधार) नीट घातल्यावर माझ्या दोन जोड्यांत फरक आहे का? आहे, पण एका खोलीतून दुसरीत नेलेल्या स्पीकरच्या फरकापेक्षा कमी. प्लायच्या जोडीत तबल्याचा बाया थोडा सुटसुटीत येतो, घुमारा लवकर आवरतो, असं मला वाटतं. घरच्यांना वाटत नाही. यावर पैज लावणार नाही.

ज्यांना घराणी आवडतात त्यांच्यासाठी सांगतो, स्पीकरवाल्यांतही या बाबतीत घराणी आहेत. बीबीसीच्या संशोधन विभागात एच. डी. हारवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात या विषयावर बरंच खोदकाम केलं. त्यांचा एलएस३/५ए हा चिमुकला मॉनिटर स्पीकर १२ मिमी बर्च प्लायचा, आतून डांबरी थर चिकटवलेला. भिंत पातळ ठेवायची, तिचं कंपन खाली ढकलायचं आणि थराने ते मारून टाकायचं, हा त्यांचा मार्ग. याच हारवुडनी १९७७ साली हार्बेथ कंपनी काढली. दुसऱ्या टोकाला बी अँड डब्ल्यू ही स्पीकर कंपनी. १९८०च्या दशकात त्यांनी खोक्याच्या आत एकमेकांत अडकणाऱ्या फळ्यांची जाळी भरली, तिला मॅट्रिक्स नाव दिलं आणि भिंतीला हलायला जागाच ठेवली नाही. ही जाळी आधी एमडीएफची असे. २०१५च्या ८०० मालिकेत त्यांनी ती प्लायची केली. म्हणजे पातळ भिंतवाले प्लायवर होते आणि ताठ भिंतवालेही शेवटी प्लायकडे आले. यावरून निष्कर्ष काढायची घाई करू नका. पण मी मनातल्या मनात काढलाय, हे कबूल.

ब्रेसिंगवर वेळ घालवा, मालावर कमी

कोणताही माल घ्या, खोकं घट्ट होतं ते आतल्या ब्रेसमुळे. आणि टॉवरमध्ये बहुतेक लोक ब्रेस उलट दिशेने घालतात. मिस्त्रीला सांगितलं तर तो कपाटाचा कप्पा टाकतो तशी मधोमध एक आडवी फळी टाकतो, तिला भोक पाडतो आणि काम झालं म्हणतो.

हिशेब करून बघू. बाजूची फळी एक मीटर उंच, ३०० मिमी खोल, १८ मिमी एमडीएफ. चारी कडा नुसत्या टेकलेल्या आहेत असं धरलं तर तिचं पहिलं कंपन ढोबळमानाने २२० हर्ट्झच्या आसपास येतं. (प्रत्यक्षात कडा चिकटवलेल्या असतात, त्यामुळे आकडा वर जातो. तुलनेला हा पुरतो.) आता बरोबर मधोमध आडवा ब्रेस टाकला. ३०० बाय १००० ची फळी ३०० बाय ५०० ची झाली. कंपन किती वर गेलं? जेमतेम सव्वापट. २७५ च्या घरात. म्हणजे वर सांगितलेल्या काळी एकच्या दुपटीवर आपण ते स्वतःच्या हाताने आणून बसवलं!

त्याऐवजी तीच पट्टी उभी लावा, खालपासून वरपर्यंत, फळीची रुंदी कापत. आता तुकडे झाले १५० बाय १०००. कंपन जवळपास पावणेचारपट वर, आठशेच्या पुढे. कारण साधं आहे: फळीचं पहिलं कंपन मुख्यतः तिच्या छोट्या मापावर ठरतं आणि आडव्या ब्रेसने छोटं माप तसंच राहतं. म्हणून टॉवरमध्ये आधी उभी कणा-पट्टी, मग गरजेप्रमाणे आडव्या खिडक्या (मध्ये भोक असलेले आडवे ब्रेस). उभी पट्टी बरोबर मध्यावर घेऊ नये, थोडी एका बाजूला सरकवावी. दोन्ही तुकडे सारख्या मापाचे राहिले तर ते एकाच सुरात गातात.

बुकशेल्फ स्पीकरच्या छोट्या खोक्यात एवढा विचार लागत नाही. मागच्या-पुढच्या फळ्यांना जोडणारी एक पट्टी वूफरच्या जरा खाली टाकली की भागतं.

ब्रेस दोन्ही बाजूंना एकसारखा टेकला पाहिजे, हे महत्त्वाचं. अर्धा मिमी जरी फट राहिली आणि ती फेविकॉलने भरली असं समजून पुढे गेलात, तर तो ब्रेस नाही, आत सोडलेला खुळखुळा आहे. इथे एमडीएफ सरळसरळ जिंकतो. १८ म्हणजे १८. खाच मारा, फळी बसवा, हाताने दाबली की सरकत जाते आणि तिथेच थांबते. आपल्याकडच्या प्लायचं तसं नाही. १८ म्हणून घेतलेला प्लाय १७ भरतो, कधी एकाच शीटच्या दोन टोकांत फरक असतो. खाच एकीकडे ढिली, दुसरीकडे घट्ट. ब्रेसच्या प्रत्येक तुकड्यावर कॅलिपर लावून त्या मापाने खाच मारावी लागते. कंटाळवाणं काम आहे. प्लायला मात्र ब्रेससाठी १२ मिमी पुरतो, तेवढे लिटर वाचतात.

कापताना

एमडीएफ कापायला गोड. कड चिरफाळत नाही, राउटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) गोल मारला की गोलच येतो, ड्रायव्हरची कड बसायला पायरी काढली की आरशासारखी साफ निघते. कोपऱ्यांना गोलाई द्यायची असेल तर प्रश्नच नाही. किंमत मोजायची ती धुळीची. ही धूळ म्हणजे लाकडाचा भुसा नव्हे, पिठाहून बारीक असते, वर युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या चिकाची असते. बाल्कनीत राउटर चालवला तर शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पिवळट थर बसतो आणि संबंध बिघडतात. कापडी रुमालाने काही होत नाही, चांगला मास्क लागतोच. शक्य असेल तर दुकानातल्या पॅनेल सॉवर तुकडे कापून घ्या. पुण्याच्या टिंबर मार्केटात आणि इतरत्रही बऱ्याच ठिकाणी ही सोय मिळते. घरी फक्त गोल आणि खाचा.

प्लायला धूळ कमी, पण डोकेदुखी दुसरी. वरचा पापुद्रा करवतीला चिरतो. कापायच्या रेषेवर मास्किंग टेप लावून, ब्लेड बारीक दातांचं घेऊन हे आटोक्यात येतं. खरी भीती पोकळीची. आतल्या थरांचे तुकडे एकमेकांना भिडलेले नसतील तर मध्ये फट राहते आणि ती नेमकी वूफरच्या भोकाच्या कडेला उघडी पडते. अशी पोकळी ठराविक सुरावर भुणभुणते. शोधताना आपण वायर सुटली का, ड्रायव्हर गेला का, सगळं तपासतो आणि आवाज लाकडातून येत असतो. ज्याने प्लाय घ्यायचा त्याने दुकानात शीटच्या चारही कडांची रेषा डोळ्यांखालून घालायची आणि मधल्या भागावर पेराने ठोकत जायचं. आवाज बदलला, पोकळ झाला की ते शीट बाजूला. शेठ कपाळाला आठ्या घालतो, घालू द्या.

वजनाबद्दल एकच. आठ बाय चारचं १८ मिमी एमडीएफचं शीट चाळीस किलोच्या आसपास भरतं. लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहत असाल तर हे वाक्य पुन्हा वाचा.

माझा निर्णय कशावर झाला

स्क्रूवर.

हास्यास्पद वाटेल, पण घरी स्पीकर बनवणारा माणूस आणि कारखाना यांच्यातला फरक इथेच आहे. कारखान्यातला स्पीकर एकदा बंद झाला की बंद. आपला बंद होतच नाही. ट्वीटर थोडा टोचतोय, आतल्या क्रॉसओव्हरमधला रेझिस्टर बदलून बघू. वूफर काढा, हात आत घाला, बदला, लावा, ऐका. जमलं नाही. परत काढा. मग कोणीतरी सांगतं की डँपिंग जास्त झालंय. परत काढा. मग क्रॉसओव्हरसाठी एअर कोअर कॉइल मिळते म्हणून जुनी काढायची. क्रॉसओव्हर मनासारखा बसेपर्यंत वूफर इतक्या वेळा बाहेर येतो की गॅस्केटचा (फ्रेमखालच्या हवाबंद पट्टीचा) आकार हाताला पाठ होतो.

आता एमडीएफच्या पुढच्या फळीत काय होतं ते जवळून पाहू. एमडीएफची दोन्ही पृष्ठं घट्ट दाबलेली असतात, आतला गाभा त्यामानाने भुसभुशीत. ड्रायव्हर फळीच्या पातळीत बसावा म्हणून आपण चार-पाच मिमीची पायरी काढतो. म्हणजे स्क्रूने जी कडक साल धरायची तीच आपण राउटरने उडवलेली असते. स्क्रू जातो तो थेट मऊ गाभ्यात. शिवाय वूफरच्या फ्रेमची भोकं आतल्या मोठ्या गोलाच्या अगदी काठाला येतात, स्क्रू आणि उघडी कड यांच्यामध्ये पाच-सात मिमी माल उरतो. पहिल्या वेळी स्क्रू मस्त बसतो. काढताना आट्यांमध्ये पिंगट पीठ अडकून बाहेर येतं. भोकाच्या तोंडाशी लाकूड वर उचललं जाऊन छोटा फुगवटा होतो आणि त्यावर गॅस्केट नीट टेकत नाही. पुढच्या खेपेला स्क्रू फिरतो, फिरतो, आणि फिरतच राहतो. त्या स्क्रूखाली पकड गेली की बारीकशी हवा निसटायला लागते. सील्ड खोक्यात पियानो ऐकताना ती हवा ऐकू येत नाही. ढोलकीची जोराची थाप पडली की "फिस्" असा आवाज येतो आणि एकदा ऐकला की कान तोच शोधत बसतो.

यावरचे सगळे उपाय करून झालेत. काडेपेटीच्या काड्या फेविकॉल लावून भोकात ठोकल्या, थोडे दिवस निभावलं. भोकात पातळ फेविक्विक सोडून वाळू दिलं की धागे कडक होतात, हा उपाय खरंच बरा आहे. एमडीएफवाल्यांनी पहिला स्क्रू लावण्याआधीच तो करावा. आतून आटे असलेले पितळी इन्सर्ट बसवले, एक बसताना काठ फुटला. मग सगळे सांगतात ते टी-नट. मागून ठोकायचे, पुढून एम५ बोल्ट. एमडीएफमध्ये टी-नटचे दात रुततात पण धरत नाहीत. बोल्ट आवळताना छान ओढला गेला, सोडवताना नट बोल्टबरोबर गरगर फिरू लागला. आता वूफर निघेना आणि नटाला हात लावायचा तर वूफर काढल्याशिवाय आत हात जात नाही. पुढून बोल्ट फिरतोय, मागे नट फिरतोय, मध्ये आठ इंची वूफर शांत बसलेला. शेवटी बोल्टचं डोकं ड्रिलने उडवावं लागलं. ड्रिलची टोकं आणि वूफरचा कागदी कोन यांच्यात एक बोट अंतर असताना ते काम करण्याचा अनुभव मी कुणालाही सुचवणार नाही.

प्लायच्या जोडीत हेच स्क्रू, हेच बोल्ट, हाच अर्धवट क्रॉसओव्हर. पण पायरी काढल्यावर उरलेले थर एकाआड एक आडवे-उभे असतात, त्यामुळे स्क्रूची आटी कुठल्या ना कुठल्या थराच्या रेषेला आडवी जातेच. पकड पहिल्या दिवशी होती तशीच आजही आहे, आणि या जोडीवर मी जास्तच प्रयोग केलेत, कारण भीती उरली नाही. टी-नट तर असा बसतो की काढायचा म्हटला तर लाकूड घेऊन येईल. तरी दोन थेंब अ‍ॅरल्डाइट लावावं, तेवढं कुठेही चांगलंच.

मिस्त्री लोक वापरतात ते काळे जिप्समचे स्क्रू मात्र दोन्हीकडे टाळा. डोकं पाचरीसारखं असतं, ड्रायव्हरच्या फ्रेमला एका बाजूला ढकलतं, आणि आवळताना मान तुटली तर उरलेलं काढायला वेगळा खटाटोप. सपाट बुडाच्या डोक्याचे घ्या, आधी बारीक भोक पाडा.

या मुद्द्यावर कुणी म्हणेल, एवढं काय, आधी कच्च्या खोक्यात प्रयोग करा आणि मग पक्कं खोकं बनवा. तत्त्वतः बरोबर आहे. मी तरी असं करणारा माणूस अजून पाहिला नाही.

पाऊस

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथल्या लोकांनी हा भाग जास्त गांभीर्याने घ्यावा, सोलापूर-लातूरकडच्यांनी सोडला तरी चालेल. एमडीएफला चारी बाजूंनी रंग किंवा लॅमिनेट असेल तर आर्द्रतेने एकदम काही होत नाही. होतं ते उघड्या राहिलेल्या कडांना. आणि स्पीकरमध्ये उघड्या कडा कुठे राहतात? पोर्टच्या आत, वायर जोडायच्या टर्मिनलच्या भोकात, वूफरच्या गोलाला आणि तळाला. फरशी पुसणाऱ्या बाई ओलं फडकं तळाशी नेतात, तिथली कड चहात बुडवलेल्या टोस्टसारखी फुगते आणि वाळली तरी मूळ मापावर परत येत नाही. तळाला रबरी पाय लावून खोकं जमिनीपासून वर ठेवणं आणि प्रत्येक उघड्या कडेला पातळ केलेला फेविकॉल किंवा सीलर पाजणं, एवढं केलं तर एमडीएफही टिकतो. बाजारात एचडीएचएमआर नावाने जो हिरवट, दमट हवेला टिकणारा जड बोर्ड मिळतो तो साध्या एमडीएफपेक्षा याबाबतीत खूप बरा आणि स्क्रूही जरा चांगला धरतो. ज्याला एमडीएफच हवाय त्याने दोन पैसे जास्त टाकून तो बघावा. वजन मात्र आणखी वाढतं.

प्लाय घ्यायचा तर आयएस ७१० छापाचा, म्हणजे दुकानात ज्याला बीडब्ल्यूपी किंवा मरीन म्हणतात तो. पाण्यासाठी म्हणून नव्हे. स्पीकर काही होडीत ठेवायचा नसतो. पण त्या दर्जाच्या मालात आतला गाभा सहसा जास्त भरीव मिळतो, पोकळ्या कमी निघतात. स्वस्तातला पॉप्लरचा हलका प्लाय कपाटाच्या पाठीला ठीक, स्पीकरला नको. बर्च मिळाला तर सोन्याहून पिवळं: १८ मिमीत तेरा थर, सगळे एकाच लाकडाचे, कड नुसती पॉलिश केली तरी देखणी. फक्त बाल्टिक बर्चचं शीट बहुधा पाच बाय पाचचं येतं, त्याप्रमाणे कटिंगचा नकाशा बदलावा लागतो. रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाल्यापासून त्याचा पुरवठाही बेभरवशाचा झालाय. गर्जन लाकडाचा चांगला देशी प्लाय माझ्या कामाला पुरला.

गणपतीच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंती उभ्या करणाऱ्यांच्या आवाजाबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते इथे सांगून उपयोग नाही. पण त्यांच्या खोक्यांकडे जरूर बघा. टेंपोत चढवायची, उतरवायची, पावसात उभी करायची, कोपऱ्यावर आपटायची खोकी. त्यांच्याकडे एमडीएफ शोधून सापडायचा नाही.

रंग आणि पैसा

ज्याला पांढरा किंवा काळा चकचकीत रंग हवाय, त्याने प्लायच्या वाटेला जाण्याआधी दोनदा विचार करावा. प्लायच्या रेषा कितीही लांबी भरली तरी काही महिन्यांनी तिरप्या उजेडात दिसायला लागतात. एमडीएफवर डुको असा बसतो की दुकानातला स्पीकर वाटावा. फक्त जोडाची रेषा तिथेही उमटते, कारण कड आणि पृष्ठ वेगवेगळं शोषतात. कडेला सीलरचे हात जास्त द्यावे लागतात. विनीअर लावायचं असेल तर दोन्ही सारखेच. सनमायका लावणार असाल तर मुद्दाच मिटला, आत काय आहे हे कुणाला कळणार नाही.

पैशात चांगला प्लाय साध्या एमडीएफच्या दुपटीच्या आसपास पडतो, दर शहरागणिक आणि शेठगणिक बदलतात. मी वर्णन केलेल्या मापाच्या टॉवरच्या जोडीला ब्रेस धरून एक शीट पुरत नाही, थोडं वर लागतं. बुकशेल्फची जोडी एका शीटमध्ये आरामात निघते आणि उरलेल्यात सबवूफर बसतो. ड्रायव्हर आणि क्रॉसओव्हरच्या भागांवर जो खर्च आधीच झालाय त्याच्यापुढे हा फरक मला फार वाटला नाही. पण हे प्रत्येकाच्या खिशावर आहे आणि खिशाबद्दल सल्ला देऊ नये.

एक मधला रस्ता मी काहींना सुचवतो आणि त्यांना तो मानवलाही आहे. बाजू, पाठ, वर-खाली सगळं एमडीएफ घ्या, खाचा बिनचूक बसतील, रंग सुंदर येईल. फक्त पुढची फळी प्लायची करा, जिथे स्क्रू जातात ती. आतून वूफरच्या भोकाभोवती १२ मिमी प्लायची एक कडी चिकटवून तिच्यात टी-नट बसवले तरी तेच काम होतं आणि पुढून दिसायला पूर्ण एमडीएफ राहतो. कडीची आतली कड तिरकी छाटायला विसरू नका, नाहीतर वूफरच्या पाठीमागची हवा कोंडते.

ज्याचा क्रॉसओव्हर आधीच सिद्ध झालेला आहे, कुणीतरी अनुभवी माणसाने बांधून दिलेला किट आहे, आणि जो शपथेवर सांगू शकतो की एकदा आवळलेला वूफर पुन्हा काढणार नाही, त्याने एमडीएफ घ्यावा. फेविक्विकची एक छोटी ट्यूब सोबत घ्या, तळाला पाय लावा. बाकीच्यांनी शेठला प्लाय सांगावा आणि शीट उचलण्याआधी ठोकून बघावं.